बाळ काचेत आहे, म्हणजे नेमकं काय चाललंय?

दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात एक फोटो येतो. मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढं पाऊल, शेजारी हातमोजा घातलेला हात आणि वर मथळा: इतक्या ग्रॅमच्या बाळाला जीवदान. १७ नोव्हेंबरला अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचा जागतिक दिवस असतो, तेव्हा तर हमखास येतो. आपण हळहळतो आणि पान उलटतो. मधले चाळीस, साठ, नव्वद दिवस त्या काचेच्या पेटीत काय चाललं होतं, हे त्या बातमीत नसतं.

मी ते ४१ दिवस पाहिले आहेत. माझी मुलगी ३० आठवड्यांची असताना, २२ डिसेंबरला, नाशिकमध्ये जन्मली. वजन १,२४० ग्रॅम. माझ्या डोहाळजेवणाची तारीख ठरली होती, हिरव्या साडीवरचा ब्लाऊज शिवायला टाकलेला होता. तो शिंप्याकडून आला तेव्हा मुलगी आठ दिवसांची झाली होती. नातेवाईक एकमेकांना फोनवर एवढंच सांगायचे, "बाळाला काचेत ठेवलंय." पुढे कुणी काही विचारायचं नाही, कारण पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

गेल्या महिन्यात माझ्या शाळेतल्या एका बाईंच्या भाचीचं बाळ असंच लवकर झालं. मधल्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं, "अगं, काचेत ठेवून करतात काय?" मी डॉक्टर नाही, विज्ञान शिकवते. पण या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवसांत वेळेवर मिळालं असतं, तर निदान निम्म्या रात्री झोप लागली असती. म्हणून त्यांना जे सांगितलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

एका वाक्यात सांगायचं तर आईच्या पोटात जी कामं व्हायची राहिली, ती कामं त्या खोलीत बाहेर करून घेतात. एकेक काम एकेका यंत्राकडे असतं. त्या खोलीला एनआयसीयू म्हणतात, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. सरकारी जिल्हा रुग्णालयांत याच कामासाठी जो कक्ष असतो, त्याला एसएनसीयू म्हणतात.

लवकर म्हणजे किती लवकर?

आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणायची रीत आहे. डॉक्टर आठवडे मोजतात आणि तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. त्यातही ३५ आठवड्यांचं बाळ आणि २७ आठवड्यांचं बाळ यांच्यात फार मोठं अंतर असतं. पहिल्याला बहुधा ऊब आणि दूध पाजण्याची मदत लागते, दुसऱ्याला श्वासापासून सगळंच लागतं.

हे विरळा घडतं असं मला वाटायचं. पण जगात जन्मणाऱ्या दर दहा बाळांपैकी साधारण एक अपुऱ्या दिवसांचं असतं. २०२० साली अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यांतली जवळपास ३० लाख भारतात. दुसऱ्या कुठल्याही देशात हा आकडा एवढा मोठा नाही.

भेटायला आलेले सगळे आधी वजन विचारत. डॉक्टर आधी आठवडे विचारत. त्याचं कारण मला नंतर कळलं. वजनावरून बाळ केवढं आहे ते समजतं, आठवड्यांवरून त्याचे अवयव किती तयार आहेत ते समजतं. पूर्ण दिवसांचं बाळही दोन किलोचं असू शकतं, पण त्याची फुप्फुसं तयार असतात.

फुप्फुसं: चिकटून बसलेली पिशवी

दुधाची रिकामी पिशवी धुऊन ओट्यावर ठेवा. थोड्या वेळाने तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना अशा चिकटतात की नखाने सोडवाव्या लागतात. आत गोंद नसतो, नुसतं पाणी असतं. पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरतात. आपली फुप्फुसं म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अशाच कोट्यवधी ओल्या पिशव्या. श्वास सोडला की त्या आक्रसतात. मग त्या चिकटून का बसत नाहीत? कारण फुप्फुस स्वतःच एक स्निग्ध पदार्थ तयार करतं, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. साबण जसा पाण्याची ओढ मोडतो, तसंच काम हा पदार्थ करतो. पिशवी पूर्ण मिटत नाही, आत थोडी हवा राहते आणि पुढचा श्वास सहज येतो.

पोटातल्या बाळात हा पदार्थ साधारण २४व्या आठवड्यापासून तयार व्हायला लागतो, पण पुरेसा होतो तो ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास. त्याआधी जन्मलेल्या बाळाचे हाल समजून घ्यायचे तर नवा फुगा आठवा. पहिली फुंकर मारताना गाल दुखतात, एकदा फुगा थोडा फुगला की पुढचं सोपं जातं. या बाळांना प्रत्येक श्वास पहिल्या फुंकरीसारखा घ्यावा लागतो, मिनिटाला पन्नास-साठ वेळा. काही तासांतच ती थकतात.

माझी मुलगी जन्मल्यावर कण्हत होती. नवऱ्याने काचेतून तो आवाज ऐकला आणि तिला वेदना होताहेत असं समजून तो बाहेर जिन्यात जाऊन बसला. तो आवाज कशाचा, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी समजलं. श्वास सोडताना बाळ गळा अर्धवट मिटून घेतं, म्हणजे आतली सगळी हवा निघून जात नाही आणि पिशव्या थोड्या उघड्या राहतात. त्या आवाजात तिची धडपड होती आणि ती योग्य दिशेने चालली होती.

नाकाला लावतात ते सीपॅप नावाचं उपकरण हेच काम करतं. सतत थोड्या दाबाने हवा देत राहायचं, म्हणजे पिशव्या मिटत नाहीत. आमच्याकडे बुडबुड्यांचा सीपॅप होता. नळीचं एक टोक बाळाच्या नाकाशी आणि दुसरं पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. नळी जितके सेंटिमीटर खोल, तितका दाब. त्या खोलीत रात्रंदिवस पाणी उकळल्यासारखा आवाज चालायचा. सुरुवातीला त्या आवाजाने मला धडकी भरायची. नंतर तो थांबला की भरायला लागली.

तेवढ्याने भागलं नाही तर नळीवाटे सर्फॅक्टंटच फुप्फुसांत सोडतात. हे औषध प्राण्यांच्या फुप्फुसांतून काढलेलं असतं. तरीही बाळ थकलं असेल तर व्हेंटिलेटर लावतात. आपल्याकडे व्हेंटिलेटर म्हटलं की घरात रडारड सुरू होते, कारण आपण तो म्हाताऱ्या माणसांच्या शेवटच्या दिवसांत पाहिलेला असतो. या बाळांच्या बाबतीत पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की दमलेल्या बाळाला काही दिवस विसावा दिला आहे.

हे ज्ञान फार जुनं नाही. फुप्फुसांतल्या या पदार्थाच्या अभावाने बाळं दगावतात, हे अमेरिकेतल्या डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ साली दाखवून दिलं. त्यानंतर चारच वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे लवकर जन्मला. वजन दोन किलोच्या वर होतं. ३९ तासांत तो गेला. जगातली सगळ्यात मोठी सत्ता वडिलांच्या हातात होती, पण या आजारावर तेव्हा औषधच नव्हतं. १९८० साली जपानमध्ये डॉ. फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांपासून केलेलं सर्फॅक्टंट बाळांना देऊन दाखवलं. आज पॅट्रिकएवढं बाळ नाशिकमध्ये जन्मलं, तर थोड्याच दिवसांत घरी जाईल अशी आशा धरता येते.

बाळंतपणाआधी आईला दिलेल्या इंजेक्शनांचाही यात वाटा आहे. माझं बीपी वाढलं आणि बाळ लवकर काढावं लागणार हे दिसू लागलं, तेव्हा मला बारा-बारा तासांनी चार इंजेक्शनं दिली. ती स्टेरॉइडची होती. ती बाळापर्यंत पोहोचतात आणि त्याच्या फुप्फुसांना घाई करायला लावतात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे लिगिन्स आणि हाउवी या दोन डॉक्टरांनी हे १९७२ साली सिद्ध केलं. स्टेरॉइड हा शब्द ऐकून माझ्या सासूबाई घाबरल्या होत्या. ओळखीतल्या कुणावर ही वेळ आली, तर ही इंजेक्शनं टाळू नका, एवढं मी कळकळीने सांगेन.

ऊब: निफाडच्या शेकोट्या

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरतो, तेव्हा द्राक्षबागायतदार पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात. मणी भरत असताना थंडी लागली की वेलीची वाढ थांबते. एनआयसीयूमधला वॉर्मर आणि ती काचेची पेटी मला पहिल्यांदा समजली ती या शेकोट्यांमुळे.

कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो, कारण चहा तेवढाच पण हवेला लागणारा भाग मोठा. लहान बाळाचंही तसंच असतं. वजनाच्या मानाने कातडी फार, तीही पातळ. कातडीखालची चरबी पोटात शेवटच्या तीन महिन्यांत साठते, ती साठायच्या आत हे बाळ बाहेर आलेलं असतं. आपल्यासारखं कुडकुडून ऊब निर्माण करणंही त्याला जमत नाही. बाळाच्या अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राहायला हवं. ते उतरलं की अंगातली साखर आणि ऑक्सिजन ऊब राखण्यातच खर्च होतो. मग वाढायला काही उरत नाही.

पेटीची कल्पना कोंबड्यांकडून आली आहे. पॅरिसचे डॉक्टर तार्निए यांनी तिथल्या प्राणिसंग्रहालयात अंडी उबवायचं यंत्र पाहिलं आणि १८८० च्या सुमारास तसंच बाळांसाठी करवून घेतलं. आपल्या जिल्ह्यात एवढ्या पोल्ट्री आहेत, तिथल्या कुणाही माणसाला ही पेटी दोन मिनिटांत समजेल.

मॉनिटरवरचे आकडे

सुरुवातीला मी बाळाकडे कमी आणि पडद्याकडे जास्त पाहत होते. कोविडने आपल्या सगळ्यांना ऑक्सिमीटर वाचायला शिकवलं आणि ९४ च्या खाली गेलं की धावायचं, हे डोक्यात पक्कं बसवलं. त्यामुळे मुलीच्या पडद्यावर ९१ दिसलं की मी सिस्टरना हाक मारायचे. त्या शांतपणे सांगायच्या, "ताई, हिला ९० ते ९५ मध्येच ठेवायचंय." मला हा हलगर्जीपणा वाटायचा. खरं कारण डोळ्यांत आहे.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या मधून सुरू होऊन कडेकडे पसरत जातात, मांडवावर वेल चढावी तशा. हा मांडव पूर्ण झाकला जायला पोटातले शेवटचे आठवडे लागतात. बाळ लवकर जन्मलं आणि त्याला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला, की वेलीची वाढ अडते. काही आठवड्यांनी ती पुन्हा सुरू होते, पण वेडीवाकडी. वाहिन्या भलतीकडे वाढतात, पडदा ओढतात आणि वेळेत लक्ष गेलं नाही तर दृष्टी जाऊ शकते. या आजाराला आरओपी म्हणतात. म्हणजे ऑक्सिजन हेसुद्धा मापून द्यायचं औषध आहे.

आरओपी बाहेरून दिसत नाही, बाळाचे डोळे अगदी नितळ दिसतात. म्हणून ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे लागतात, फारच लहान बाळांचे दोन-तीन आठवड्यांतच. गरज पडली तर लेझरने किंवा इंजेक्शनने उपचार होतो, पण त्याला काही दिवसांचीच मुदत असते. बाळ बाराव्या दिवशी घरी आलं, आता छान दूध पितंय, मग कशाला न्यायचं, असं म्हणून ही तपासणी राहून जाते. ती राहू देऊ नका. डिस्चार्जच्या कागदावर तारीख लिहिलेली नसेल, तर तिथल्या तिथे लिहून मागा. माझ्या मुलीची पहिली तपासणी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी झाली. आदल्या दिवशी सिस्टरनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला होता. तो मी दुसऱ्या दिवशी तपासणी झाल्यावर खाल्ला.

मॉनिटरचा भोंगा वाजण्याचं आणखी एक कारण म्हणजे बाळ श्वास घ्यायला विसरतं. खरोखर विसरतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं. वीस सेकंद श्वास थांबला, की त्याला ॲप्निया म्हणतात. सिस्टर येऊन तळपायाला टिचकी मारतात आणि बाळ पुन्हा श्वास घेऊ लागतं. यावर जे औषध देतात ते कॅफिन, चहा-कॉफीत असतं तेच. साधारण ३४ आठवड्यांनंतर बहुतेक बाळांचं हे विसरणं आपोआप कमी होतं.

काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, डोळ्यांवर पट्टी बांधून. ते पाहायला भयंकर वाटतं, पण या खोलीतला हा सगळ्यात साधा उपचार.

दोन मिलीलीटर दूध

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्ही गोष्टी एका लयीत जमायला साधारण ३४ आठवडे भरावे लागतात. तोवर अंगावर पाजलं तर दूध श्वासनलिकेत जायची भीती असते. म्हणून तोंडातून पोटात एक बारीक नळी घालतात. माझ्या मुलीला सुरुवातीला दर दोन तासांनी दोन मिली दूध मिळायचं. सर्दीच्या औषधाच्या बाटलीबरोबर येतं ते छोटं झाकण भरायलाही ते पुरलं नसतं. बाकीचं पोषण शिरेतून. मग रोज थोडं थोडं वाढवत नेलं. माझी आई म्हणायची, "पोर उपाशी आहे म्हणून वाळलंय, जास्त का देत नाहीत?" पण आतडंही कच्चं असतं. घाई केली तर त्याला सूज येऊन ते सडू शकतं आणि हा आजार जिवावर बेततो. या धोक्यापासून आईचं दूध सगळ्यात चांगलं राखतं. पहिल्या दिवसांतला चीक तर मुळीच वाया घालवू नये.

दूध काढणं हे त्या दिवसांतलं माझं काम होतं. दिवसरात्र मिळून आठ वेळा. समोर बाळ नसताना, टाके दुखत असताना, पहाटे तीन वाजता वाटीत पाच मिली जमलं की रडू यायचं. शेजारच्या खाटेवरच्या पेठच्या एका बाईंनी मला हाताने दूध काढायची नीट पद्धत शिकवली. त्यांना ती वॉर्डातल्या मावशींनी शिकवलेली.

आईला दूधच येत नसेल तर? दुसऱ्या मातांनी दान केलेलं दूध तपासून, ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून देता येतं. आशियातली अशी पहिली दूधपेढी आपल्याच राज्यात, मुंबईच्या सायन रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली.

पहिल्या दिवसांत वजन उतरतं, हेही आधी माहीत असलेलं बरं. आमचं १,२४० वरून १,११० वर आलं. जन्माच्या वजनावर परत यायला दहा-चौदा दिवस लागतात. मग कुठे बाळ अंग धरायला लागतं.

यंत्राला न जमणारं काम

१९७८ साली कोलंबियाची राजधानी बोगोटा इथल्या एका रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळं जास्त अशी स्थिती होती. एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवायची वेळ आली होती आणि जंतुसंसर्गाने ती दगावत होती. तिथले डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, उभी बांधायला सुरुवात केली. कांगारू पिलाला पोटाच्या पिशवीत ठेवते तशी. यालाच कांगारू मदर केअर म्हणतात.

गरिबाघरची सोय म्हणून सुरू झालेली ही पद्धत पुढे तपासली गेली. भारतासह पाच देशांतल्या पाच रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेने मोठा अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एक ते १.८ किलोच्या काही बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी ठेवलं, बाकीच्यांना स्थिर झाल्यावर. लगेच ठेवलेल्यांत मृत्यूंचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी निघालं. २०२२ मध्ये संघटनेने आपली शिफारस बदलली.

छाती बाळाला ऊब देते, श्वासाची आठवण करून देते, आईचं दूध वाढवते. आईच्या अंगावरचे ओळखीचे जंतू बाळाच्या अंगावर येतात आणि रुग्णालयातल्या जंतूंना जागा उरत नाही. वडिलांची छातीही चालते. माझ्या नवऱ्याने तिला पहिल्यांदा घेतलं तेव्हा तो पाऊण तास हलला नाही. पडद्यावरचा आकडा ९४ वर स्थिर होता आणि भोंगा एकदाही वाजला नाही.

हे मला अकराव्या दिवशी करू दिलं गेलं. त्याआधी आम्ही ज्या रुग्णालयात होतो, तिथे आईला दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं काचेबाहेरून बघायची परवानगी होती. कारण सांगितलं जंतुसंसर्गाचं. हात कोपरापर्यंत स्वच्छ धुतलेली आई संसर्ग आणते आणि तिला बाहेर ठेवून बाळ सुरक्षित राहतं, हे आज कुठलंही शास्त्र सांगत नाही. कुटुंबाला उपचारात सामील करून घ्यायची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने २०१७ मध्येच काढली आहेत. ते दहा दिवस मला परत मिळणार नाहीत. म्हणून ज्यांचं बाळ आत्ता आत आहे त्यांना सांगते, पहिल्याच दिवशी विचारा: मी आत कधी येऊ, छातीशी कधी घेऊ?

"सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही"

हे मला तीन वेगवेगळ्या आत्याबाईंनी सांगितलं, दिलासा म्हणून. माझी सातव्यातली होती ना. पण वॉर्डात माझ्यासमोर ३४ आठवड्यांच्या बाळाची आई बसलेली होती. हे वाक्य ऐकून तिचा चेहरा उतरला, तो मी विसरलेले नाही.

हा समज आपल्यापुरता नाही, प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही तो आहे. म्हणून तो खरा ठरत नाही. पोटात गेलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो, आठव्या महिन्यातलाही. पूर्वी दिवस मोजण्यात चूक व्हायची, वाचलेल्या सातमाशांच्या गोष्टी घराघरात सांगितल्या जायच्या आणि गेलेल्यांविषयी कुणी बोलत नसे. त्यातून हा समज टिकला असावा, असं मला वाटतं.

आईचं काय चुकलं?

पपई खाल्ली का, सप्तशृंगीला गाडीने गेली होतीस ना, ग्रहण पाळलं नाहीस का. हे प्रश्न मला विचारले गेले आणि बाकीचे मी स्वतःला विचारले. माझ्या बाबतीत वारेचं, म्हणजे बाळाला रक्त पुरवणाऱ्या अवयवाचं, बस्तान सुरुवातीलाच नीट बसलं नव्हतं, त्यातून बीपी वाढलं. ते माझ्या हातात नव्हतं. जुळी बाळं, जंतुसंसर्ग, मधुमेह, गर्भाशयाचं तोंड लवकर उघडणं, आधीचं बाळंतपण लवकर झालेलं असणं, अशी कारणं असू शकतात. कित्येकदा कारण सापडतच नाही. हातात असलेल्या गोष्टीही आहेत: दर तपासणीला बीपी आणि लघवी बघणं, रक्त कमी असेल तर गोळ्या घेणं, तंबाखू आणि मिश्री सोडणं. मिश्रीने फक्त दात घासते, खात नाही, असं बायका म्हणतात. तरी तंबाखू रक्तात जातोच.

पैशासाठी तर ठेवून घेत नाहीत ना?

ही शंका प्रत्येक घरात असते आणि ती विचारण्यात गैर काही नाही. खाजगी एनआयसीयूचा रोजचा खर्च मध्यमवर्गीय घरालाही मोडून टाकतो. बाळ घरी सोडायचे निकष साधे आहेत. पेटीबाहेर अंग उबदार राहतं का, दूध तोंडाने किंवा वाटी-चमच्याने घेतं का, वजन सलग वाढतंय का, गेले काही दिवस श्वास थांबला नाही ना, आणि आईला सगळं जमतंय का. डॉक्टरांना रोज एवढंच विचारायचं की यातलं काय झालं आणि काय राहिलं. चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागवत नाहीत. आमच्या डॉक्टरांनी तर कागदावर लिहूनच दिलं.

सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या खाजगी रुग्णालयांतही नवजात बाळांचे उपचार बसतात. तिथे आरोग्यमित्र असतात, त्यांना दाखल करतानाच भेटा. बिल निघाल्यावर धावपळ करून फारसं साधत नाही.

घरी आल्यावर

१ फेब्रुवारीला १,७८० ग्रॅमची मुलगी कुंची-टोपड्यात गुंडाळून सिडकोतल्या घरी आणली. बारसं राहिलेलं होतं. एनआयसीयूमध्ये तिचं नाव "बेबी ऑफ" आणि पुढे माझं नाव एवढंच होतं. पहिल्या रात्री आम्ही दोघं जागे होतो, कारण घरात भोंगा नव्हता.

सासूबाईंनी शेगडी आणि धुरीची तयारी ठेवली होती. मी हात जोडून नको म्हटलं. ज्या फुप्फुसांना हवा आत घ्यायला महिना लागला, त्यांना धूर सोसत नाही. गुटी, मध, काजळ, सगळं बाजूला ठेवलं. सासूबाई दुखावल्या, पण मग त्यांनीच छातीशी घ्यायची पाळी लावून घेतली. रोज दुपारी दोन तास त्यांचे. आशाताई वजन करायला यायच्या, तेव्हा काटा बघायची घाई सगळ्यात जास्त त्यांनाच असायची.

एक गोष्ट कुणीतरी आधी सांगायला हवी होती. या बाळांना दोन वयं असतात. जन्मतारखेचं एक, आणि लवकर आलेले आठवडे वजा करून येणारं दुसरं, त्याला सुधारित वय म्हणतात. लस जन्मतारखेप्रमाणे टोचायची. मान धरणं, पालथं पडणं, बसणं, बोलणं मात्र दोन वर्षांपर्यंत सुधारित वयाने बघायचं. माझी मुलगी दहा आठवडे लवकर आली. चार महिन्यांची झाली तेव्हा सोसायटीतली त्याच वयाची मुलं पालथी पडायला लागली होती आणि ही नाही. सुधारित वयाने ती पावणेदोन महिन्यांची होती. तिचं वेळेत चाललं होतं, घड्याळ आम्ही चुकीचं बघत होतो.

अंगणवाडीत पहिल्यांदा नेली तेव्हा ताईंनी कार्डावर लिहायला वय विचारलं. मी म्हटलं, "दोन आहेत, दोन्ही लिहा." त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग बाजूची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बसा, नीट सांगा मला. माझ्याकडे अशी अजून दोन आहेत."